ग्रेटाची हरकत

"पुराव्याचे नियम मला झोपेतून उठवून विचारा!" ग्रेटा लिंडक्विस्ट येताजाता सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. नेब्रास्कातल्या शाळांच्या नकली खटल्यांच्या स्पर्धेसाठी तिचा सराव घरीही चालायचा.

"आई म्हणालीये, कचरा बाहेर ठेव," बाबा सांगत.

"हरकत! ऐकीव पुरावा!"

"हरकत फेटाळली. ऊठ!"

शनिवारी स्पर्धेच्या कोर्टात काळजी होती ती वेंडेलची. संघातला तिचा हा मित्र चार लोकांसमोर उभा राहिला की त्याच्या घशाला कोरड पडे. आज साक्षीदाराची तपासणी धड पार पडली तरच पुढच्या फेरीत वकील, असं संघाची तयारी घेणाऱ्या ओडेल बाईंनी त्याला बजावलं होतं.

"बिनधास्त बोल रे, मी आहे ना!" ग्रेटा म्हणाली.

वेंडेल उठला. समोर त्यांच्याच संघातली डॉटी, शेजारची शेतकरीण बनून बसलेली. ही ऐन वेळी विसरली तर? या धास्तीने त्याने उत्तर प्रश्नातच कोंबलं होतं.

"तुम्हाला गोठ्यातून धूर येताना दिसला, बरोबर?"

"हरकत, युवर ऑनर! सूचक प्रश्न! आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालता येत नाही!"

सगळ्यांनी विरुद्ध बाजूकडे पाहिलं. ती मंडळी निवांत बसली होती. उभी होती ती ग्रेटा!

न्यायाधीशांनी चष्मा नाकावर ओढला. "अगं, तो तुझ्याच बाजूचा आहे."

आता विरुद्ध बाजूचा एक जण उसळला. "युवर ऑनर, या साक्षीदाराच्या वेळी त्यांच्या बाजूने फक्त वेंडेलनेच बोलायचं, असा नियम आहे!"

"बरोबर आहे त्याचं," ग्रेटा बोलून गेली.

"तुझं नेमकं भांडण कोणाशी आहे?" न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला. "असो. प्रश्न मात्र खरंच चुकलाय. वेंडेल, तो बदल."

वेंडेल बिटासारखा लाल झाला. हातातल्या कागदावरचे सगळेच प्रश्न तसले! ग्रेटाला वाटलं, टेबलाखाली शिरावं आणि तिथंच राहावं. शेवटी त्याने कागद पालथा घातला.

"मग... काय दिसलं तुम्हाला?"

डॉटी याचीच वाट पाहत होती! सरावात बिचारी नुसतं "हो, हो" करून कंटाळली होती. धूर, ठिणग्या, दावं तोडून उधळलेली गाय... न्यायाधीश लिहायचे थांबून ऐकत राहिले. वेंडेल मधूनच "मग?" म्हणे. तेवढ्याला घसा पुरला.

बाहेर डोनट वाटताना ओडेल बाई म्हणाल्या, "वेंडेल, पुढच्या फेरीत तूच वकील!"

ग्रेटाने त्याच्या पाठीत आनंदाने धपाटा घातला. "आणि मी, बाई?"

"तुला कशी सोडेन? तू उरलेली मिनिटं दाखवणारे फलक धरायचे."

"हरकत! मी—"

"फलक धरणाऱ्याने खटल्यात बोलायचं नाही. काय गं, नियम आहे ना?"

ग्रेटाने आणखी एक डोनट उचलला. नियम होता. आणि तोही तिला पाठ होता.