सांधा न दिसणारी फरशी

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मिस्त्रींचे पाय चिकटले तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त राग आला फरशीचा. आणि फरशी बसवली होती त्यांनीच.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पांढरीशुभ्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. सांधा शोधून दाखवा! तेव्हा म्हणे दोन डॉक्टर गुडघ्यांवर रांगत सांधे शोधत होते आणि मिस्त्री हाताची घडी घालून गालात हसत उभे होते. आता मिस्त्रींना पार्किन्सन्स झाला होता. डोकं म्हणायचं ‘चल’, पाय म्हणायचे ‘तू हो पुढे’. पण जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या की तेच पाय एकेक रेघ ओलांडत शहाण्यासारखे निघायचे. व्यायामाच्या खोलीत काळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. तिथे मिस्त्री अशा तोऱ्यात चालायचे की बघणाऱ्याला वाटावं, यांना झालंय काय?

आज मात्र परीक्षा व्हरांड्यात होती.

“दहा मीटर,” व्यायाम शिकवणारी फिजिओ म्हणाली. “पट्ट्या नाहीत. रस्त्यावर कोण चिकटवून ठेवणार आहे? हात कुणाचा धरायचा नाही. बाकी वेळ कितीही लागू दे, युक्ती कुठलीही करा.”

“आणि ठरलंय काय ते लक्षात आहे ना, अण्णा?” मिस्त्रींची मुलगी म्हणाली. “जमलं तर साइटवर पोरांना शिकवायला जायचं. नाही जमलं तर चाकाची खुर्ची आणि घर.”

“खुर्चीत तू बस,” मिस्त्री म्हणाले, आणि निघाले. म्हणजे वरचे मिस्त्री निघाले. खालचे तिथेच.

समोर नुसतं पांढरं. एक रेघ नाही. पाय कशाला ओलांडणार?

“वजन या पायावरून त्या पायावर घ्या,” फिजिओ म्हणाली. मिस्त्री डावीकडे झुलले, उजवीकडे झुलले, परत डावीकडे झुलले. बाकावर नंबर लावून बसलेले पेशंट पण झुलायला लागले.

“टाळ्या वाजवा! तालावर चालतात ते!” बाकावरचे एक आजोबा म्हणाले. त्यांनी सुरू केलं. छान जमलं, तीन पावलं पडली. मग समोरच्या बाकाला वाटलं, आपण का मागे? त्यांनी पण टाळ्या धरल्या, त्या दुप्पट जोरात. दोन बाकांचे दोन ताल. मिस्त्रींचा एक पाय या बाकाचं ऐकायला लागला आणि दुसरा त्या बाकाचं, आणि दोन्ही अडले.

“बंद करा!” मिस्त्री ओरडले. “माझ्या खिशात दोरी आहे, ती काढा.”

गेरू लावलेली दोरी. फरशीवाले ती दोन टोकांना ताणून धरतात, मध्ये उचलून सोडतात, की खाली लाल रेघ. मिस्त्रींनी पाय हलत नसताना तोंडाने सगळा व्हरांडा कामाला लावला.

“ए आजोबा, तुम्ही तिकडे. बाई, तुम्ही हे टोक धरा. ताण! सैल नको! दीड फुटावर दुसरी. दीड म्हटलं, दोन नाही! डोळे आहेत की बटणं?”

दहा मिनिटांत पांढऱ्या व्हरांड्यात बावीस लाल रेघा. मिस्त्रींनी एक ओलांडली, दुसरी ओलांडली, दहा झाल्या. पेशंट मोजत होते. मुलीने तोंडावर हात ठेवला होता.

आणि समोरच्या टोकाकडून सफाईच्या मावशी आल्या.

मावशींनी आत्ताच पुसून घेतलेली फरशी. तिच्यावर लाल रेघा. मावशींनी ना कुणाला विचारलं, ना वर बघितलं. पोछा बादलीत बुडवला, पिळला आणि सपासप सुरू. फिजिओ “अहो मावशी, मावशी” करत पोहोचेपर्यंत पुढच्या बाराच्या बारा रेघा गुल. मागच्या दहा सगळ्यांनी तुडवून टाकल्या होत्या. मिस्त्री बरोब्बर मध्यात. मागे रेघ नाही, पुढे रेघ नाही.

“बाई, काय केलंत हे!” मिस्त्रींचा आवाज चिरकला. “मला चालायला रेघ लागते!”

“मग सांध्यावरून चाला की.”

“सांधा?” मिस्त्री लाल झाले. “या फरशीला सांधा दिसत नाही! मी बसवलीय!”

मावशी थांबल्या. पोछा उभा धरला आणि त्यांनी मिस्त्रींना पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुम्ही बसवलीत होय? अकरा वर्षं शोधतेय मी तुम्हाला. दिसत नाही म्हणे! प्रत्येक सांध्यात मळ बसतो. हा बघा एक.” पोछ्याची दांडी टक्कन टेकली.

“कुठाय?”

“हा काय!”

मिस्त्री बघायला पुढे झाले. पाऊल पडलं.

“हा दुसरा. याला तर मी नखाने खरवडते.”

“खोटं! हाताने गुळगुळीत केलाय मी तो!”

“हा तिसरा. हा जरा बरा आहे.”

“जरा?”

मावशी उलट्या चालत होत्या, एकेका सांध्यावर दांडी टेकवत. मिस्त्री भांडत भांडत एकेक सांधा ओलांडत होते. फिजिओने टाळ्या वाजवायला निघालेल्या आजोबांचा हात धरून ठेवला. मुलगी भिंतीला टेकून उभी. त्या पांढऱ्या फरशीवर दुसऱ्या कुणालाच काही दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त दोघांना, बसवणाऱ्याला आणि पुसणारीला.

“हा बारावा,” मावशी म्हणाल्या. “याच्यात मात्र मळ बसत नाही. कसा काय केलात?”

मिस्त्री शेवटचं पाऊल टाकून उभे राहिले. धापा टाकत होते, पण मान ताठ.

“त्या दिवशी मूड चांगला होता,” ते म्हणाले.

बाकावरून एकच गलका झाला. मुलगी डोळे पुसत म्हणाली, “सोमवारपासून जा साइटवर. पण डबा घेऊन, आणि गोळी वेळेवर.”

फिजिओ फॉर्म भरायला बसली आणि अडली. चाललेलं अंतर, दहा मीटर. हात धरला, नाही. पुढचा रकाना होता, कशाची मदत घेतली? तिने पेन चावलं. काठी नाही, पट्टी नाही, टाळ्या म्हणाव्या तर त्यांनी घोळच घातला.

“मावशी, इथे तुमचं नाव लिहू का?”

मावशी बादली उचलून निघाल्या होत्या.

“माझं कशाला? त्यांचे ते चालले. मी फरशी पुसत होते.”