हिरवळीवर पाणी सोडल्याची गोष्ट

एका जंगलात एक हिरवळ होती आणि ती खायची नव्हती.

आता तुम्ही विचाराल, गवत खायचं नाही तर त्याचं करायचं काय? मुलांनो, बघायचं. शेजारच्या जंगलातल्या वाघाच्या गुहेपुढे अशीच एक हिरवळ होती. आमच्या सिंहमहाराजांनी ती पाहिली आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मग त्यांच्याही गुहेपुढे हिरवळ आली. भोवती काटेरी कुंपण आलं. सिंह गवत खात नाही आणि जे खातात त्यांना आत सोडत नव्हते. हरणं कुंपणाला नाक लावून आवंढे गिळायची. महाराज म्हणायचे, "बघा, प्रजेलाही किती आवडते!"

या हिरवळीला पाणी घालायचं काम गेनू नावाच्या रेड्याकडे होतं. नदीवर जायचं, पाठीवरची कातड्याची पखाल भरायची, चढ चढून यायचं आणि गवतावर रिकामी करायची. कातडं कुणाचं होतं ते विचारू नका. तेव्हाही कुणी विचारलं नाही.

गेनू पाणी घालण्याआधी जमिनीला नाक लावायचा. कधी म्हणायचा, "तहानलीय." कधी म्हणायचा, "आज नको म्हणतेय," आणि भरली पखाल तशीच माघारी न्यायचा. त्याचा धाकटा भाऊ झुंबर त्याच्यामागून उड्या मारत जायचा आणि विचारायचा, "दादा, ती बोलते कशी?" गेनू म्हणायचा, "तू गप्प बसलास तर ऐकू येईल." ते झुंबरला कधी जमलं नाही.

पुढे गेनूला धाप लागायला लागली. एका चढाला तो तीनदा थांबायचा. पाणी कमी पोचतंय हे दरबाराच्या ध्यानात आलं. लगेच राजवैद्य अस्वल आले. त्यांनी पखाल तपासली. पखालीला दोन्ही अंगांनी लेप लावला, तीन टाके घातले आणि आठ दिवसांची विश्रांती सांगितली. पखालीला विश्रांती मिळाली. गेनूने ते आठ दिवस तोंडात घागर धरून पाणी वाहिलं.

नवव्या दिवशी पखाल ठणठणीत झाली. गेनू चढावर बसला तो उठला नाही.

दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. लोक ती हसत हसत वापरतात. झुंबरच्या कानावर पडली की मात्र त्याची शिंगं शिवशिवायची. त्या वर्षात त्याने चार झाडं आडवी केली. त्यातलं एक तर नुसतं वाऱ्याने हललं होतं.

गेनूनंतर पखाल झुंबरच्या पाठीवर आली. ती त्याला सैल व्हायची आणि पोटाखाली लोंबायची. पण तो पाणी वाहायचा, आणि त्याला कारण होतं. हिरवळीच्या एका कोपऱ्यात एक खळगा होता. दुपारी महाराज घोरायला लागले की गेनू तिथे गुपचूप बसायचा. बारा वर्षं तो त्याच जागी बसला. त्यामुळे जमिनीत हुबेहूब गेनू उमटला होता. हनुवटीची जागा, गुडघ्यांच्या चार जागा, शेपटीची रेघसुद्धा. झुंबर आता रोज त्यात बसायचा. हनुवटी हनुवटीच्या जागी ठेवली की पाय पुरायचे नाहीत. पाय जागेवर ठेवले की हनुवटी हवेत राहायची. तरी बसायचा.

एके दिवशी जंगलात एक करकोचा आला. तो वर्षातले सहा महिने परदेशात असायचा, त्यामुळे त्याला इथलं सगळं चुकीचं दिसायचं. त्याने हिरवळीभोवती लांब टांगा टाकत फेरी मारली.

"अजून रेड्याने पाणी घालता?" तो म्हणाला. "तिकडे असं नसतं. तिकडे शहाणा डबा असतो. जमिनीत नळ्या, नळ्यांना कारंजी, आणि डबा सांगेल तेव्हाच पाणी."

"डबा बोलतो?" महाराजांनी विचारलं.

"बोलतो, ऐकतो, ढगाशी जोडलेला असतो. त्याचं सगळं डोकं ढगात असतं."

"मग ढग आहे तर पाणी कशाला घालायचं?" झुंबर कुंपणाजवळून ओरडला.

करकोच्याने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. "हा कोण?"

"पखालवाला," कारभारी म्हणाले. कारभारी तरस होते. त्यांना हसू आवरत नसे, घसाच तसा होता. गेनूच्या तेराव्यालाही ते हसले होते.

मग दरबार भरला. डब्यात कोणकोणत्या सोयी हव्यात ते प्रत्येकाने सांगायचं ठरलं. मुलांनो, फुकट सांगायचं असलं की जंगलात कुणी मागे राहत नाही.

महाराज म्हणाले, "डब्याने फक्त मालकाचा हुकूम ऐकावा. आणि 'नक्की ना?' असं पुन्हा विचारू नये. आम्हाला राणीसाहेब विचारतात तेवढं पुरे."

कारभारी म्हणाले, "महाराजांचा शब्द एकदा गेला की मागे घेता येऊ नये. ही ही ही! राजाचा शब्द तो."

"वा!" महाराज खूश झाले. "आणि परवानगीशिवाय कुणी हिरवळीवर पाय ठेवला तर त्याच्या तोंडावर फवारा मारावा."

राणीसाहेब पंजे चाटत होत्या. त्या चाटायच्या थांबल्या. "आणि माझा भाऊ आला तर?"

महाराजांचे मेहुणे वर्षातून नऊ महिने येत.

"मालकाच्या नातेवाईकाला अडवू नये," महाराज हळूच म्हणाले. करकोच्याने लिहून घेतलं.

मोराला फवाऱ्यात इंद्रधनुष्य हवं होतं, तेही आपल्या पिसाऱ्याहून फिकं. बेडकांना आठवड्यातून एकदा डबकं हवं होतं. कासवाने हात वर केला होता, पण त्याची पाळी येईपर्यंत दरबार संपत आला.

"मला एक पाहिजे," झुंबर म्हणाला. "त्याने पाणी घालण्याआधी विचारावं."

"कुणाला?"

"गवताला."

कारभारी हसता हसता आडवे झाले. या वेळी घशाचा दोष नव्हता.

"आणि दुसरं. तो कोपऱ्यातला खळगा आहे ना, त्याला हात लावायचा नाही."

करकोच्याने वही चाळली. "खळगा? हां. तो मी चुकांमध्ये धरलाय. खळग्यात पाणी साचतं. पौर्णिमेला सकाळी डब्याचं उद्घाटन, आणि त्याआधी दोन घुशी माती टाकून तो बुजवतील. तिकडे खळगे नसतात."

"तिकडे कुणी बसत नसेल!" झुंबर म्हणाला आणि दरबाराचा खांब आडवा केला. त्याला चौघांनी बाहेर काढलं.

डब्याला इथली भाषा येत नव्हती. ती शिकवायला काहीतरी लिहिलेलं वाचायला द्यावं लागतं. आणि आमच्या जंगलात लिहिलेलं असं एकच होतं, ते म्हणजे दरबाराचं दप्तर. करकोच्याने सगळं दप्तर डब्याला वाचायला दिलं. त्यात होतं, सशांनी बिळांवर पाणी सोडले. हरणांनी कुरणावर पाणी सोडले. माकडांनी वडावर पाणी सोडले. हक्क संपला, नवा मालक महाराज. पानोपानी हेच. डब्याने तीन हजार पानं वाचली आणि तो म्हणाला, "भाषा समजली."

पौर्णिमेची सकाळ उजाडली. सगळं जंगल कुंपणाशी जमलं. घुशींना नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. त्या मातीच्या टोपल्या घेऊन आत्ता कुठे कोपऱ्याकडे निघाल्या होत्या. झुंबर कुंपणाबाहेर होता आणि दोन रानडुकरं त्याच्या दोन्ही अंगांना रेलून उभी होती.

महाराज डब्यासमोर आले. आयाळ झटकली. छाती फुगवली आणि अशी डरकाळी फोडली की शेजारच्या वाघालाही ऐकू जावी:

"हिरवळीवर पाणी सोड!"

डबा गुरगुरला. एक हिरवा दिवा लागला.

"सोडलं," डबा म्हणाला. "हिरवळीवर महाराजांनी पाणी सोडलं. हक्क संपला."

थेंबभरही पाणी आलं नाही.

"पाणी कुठाय?" महाराजांनी विचारलं.

"सोडलं," डबा म्हणाला.

"अरे, पाणी सोड म्हणजे पाणी सोड!"

"दोनदा सोडलं. एकदाच पुरेसं होतं."

करकोच्याची चोच उघडीच राहिली. मग तो घाईघाईने म्हणाला, "महाराज, त्याला वाटलं तुम्ही हिरवळीवरचा हक्क सोडताय."

"मग आमचा शब्द मागे घे!"

"मागे घेता येत नाही," डबा म्हणाला. "राजाचा शब्द तो."

"त्याने आधी विचारायचं नाही का, नक्की ना म्हणून?"

सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. राणीसाहेबांनी महाराजांकडे पाहिलं.

महाराज तरातरा हिरवळीत शिरले. डबा म्हणाला, "परवानगी नाही," आणि बारा कारंजी एकदम त्यांच्या तोंडावर सुटली. मुलांनो, भिजलेला सिंह तुम्ही पाहिला नसेल. तो भिजलेल्या मांजरासारखा दिसतो, फक्त मोठा. पाहणाऱ्यांनी पटकन डोळे मिटले, पण आधी पाहून घेतलं.

"फोडून टाका तो डबा!" महाराज ओरडले.

"फोडला तर तो ढगाला कळवेल," करकोचा म्हणाला. "आणि ढग वाघाला. महाराजांनी दिलेला शब्द मोडला म्हणून."

महाराज आयाळ पिळत राहिले.

"हिरवळ बेवारस आहे," डबा म्हणाला. "नव्या मालकाचं नाव सांगा. आधीचा मालक नसल्याने कुणीही सांगितलं तरी चालेल."

कारभारी तरस झपकन पुढे आले. त्यांना स्वतःचं नाव सांगायचं होतं. पण आधी हसू आलं. "ही ही ही," ते म्हणाले. "नाव समजलं नाही," डबा म्हणाला. "ही ही—" "नाव समजलं नाही."

तेवढ्यात पहिली घूस खळग्यापाशी पोचली. डब्याने तिलाही फवारा मारला असता, पण तो नाव ऐकण्यात गुंतला होता. तिने टोपली उचलली. बरोबर हनुवटीच्या जागेवर माती ओतायला तिने ती तिरपी केली.

झुंबरला काही सुचलं नाही. त्याला कधीच काही सुचत नसे. त्याने दोन्ही रानडुकरं उडवली, कुंपण शिंगावर घेतलं आणि ओरडला. अडचणीत ओरडायचं एकच नाव त्याला लहानपणापासून येत होतं.

"दादा! गेनूदादा!"

"नोंद झाली," डबा म्हणाला. "मालक, गेनूदादा."

आणि फवारा सुटला. घुशी टोपल्या टाकून पळाल्या. झुंबर कुंपणाचे काटे शिंगात घेऊन हिरवळीच्या मधोमध उभा राहिला. एक कारंजं त्याच्याकडे वळलं.

"मालकाशी नातं?" डब्याने विचारलं.

झुंबरने तोंड उघडलं.

"भाऊ," तो म्हणाला. "धाकटा."

"आत या," डबा म्हणाला, आणि कारंजं खाली वळलं.

त्या दिवसापासून हिरवळ गेनूची झाली. गेनू नव्हता ही गोष्ट वेगळी. डबा रोज सकाळी विचारायचा, "गेनूदादा मालक, आज पाणी किती?" आणि उत्तराची वाट पाहत दिवसभर थांबायचा. पहिल्या सकाळी झुंबरने त्याला शिंग दाखवलं. दुसऱ्या सकाळी तो शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानेही थोडी वाट पाहिली. मग नदीवरून पखाल भरून आणली आणि खळग्यापुरतं पाणी घातलं. बाकीची हिरवळ पिवळी पडत गेली.

महाराजांना ते बघवेना. वाघाची हिरवळ अजून हिरवी होती. फवाऱ्यापुढे जायची कुणाची छाती नव्हती, म्हणून दरबाराने कायद्याचा मार्ग धरला. नव्या मालकाला नोटीस काढली. मालकाचा राहण्याचा पत्ता दप्तरात एकच होता, तो खळगा.

कारभारी नोटीस घेऊन कुंपणापाशी आले आणि ते पळसाचं पान आत टाकून गेले. झुंबरला वाचता येत नव्हतं. त्याने ते खळग्यात ठेवलं आणि त्यावर बसला. दुसरी नोटीस आली. तिसरी आली. सातव्या नोटिशीपर्यंत खळगा चांगला मऊ झाला होता. आठव्या वेळी कारभारी बाहेरूनच म्हणाले, "अरे, बसतोस काय त्यावर? वाचलंस का?"

"तुम्ही वाचा."

कारभाऱ्यांनी घसा साफ केला. "गेनू, हिरवळवाले, यांस. आपणांस आठव्यांदा कळविण्यात येते की, जिथे असाल तिथून निघून आपण तातडीने स्वतः हजर व्हावे. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही."

झुंबर उठून उभा राहिला. सात पानं त्याच्या पोटाला चिकटली होती.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.

"तातडीने स्वतः हजर व्हावे. कोणतीही सबब—"

"तेवढंच. पुन्हा."

कारभाऱ्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. झुंबर कुंपणापर्यंत आला. त्याने मान खाली घातली. कारभारी दोन पावलं मागे सरकले, पण झुंबर धडक द्यायला आला नव्हता.

"कारभारी," तो म्हणाला, "नववी जरा कडक लिहा. रोज पाठवा. माझं तर दादा ऐकत नाही."

तात्पर्य : रागाच्या भरात, विचार न करता ओरडू नये, असं मोठी माणसं सांगतात. मुलांनो, जरूर ओरडावं. फक्त आधी समोर डबा आहे ना, एवढं पाहून घ्यावं. मोठी माणसं आपलं काही लिहून घेत नाहीत.