पगारी हुंदका

रडावं तर विद्युलता हर्डीकरनं! बाकीच्यांनी नुसतं नाक पुसावं.

हे मत दुसऱ्या कुणाचं नव्हतं, विद्युलताबाईंचं स्वतःचंच होतं. पण ते अगदी खरं होतं. कुणाला विणकामाचा छंद असतो, कुणाला लोणची घालण्याचा. विद्युलताबाईंना सिनेमाला जाऊन रडण्याचा छंद होता. लग्न होऊन मिरजेहून मद्रासला आल्या तेव्हा त्यांना तमिळचा एक शब्द कळत नव्हता. पण रडायला भाषा कशाला लागते? दर शनिवारी दुपारच्या खेळाला त्या पर्समध्ये रुमालांची चळत घेऊन अड्यारच्या थिएटरात जाऊन बसायच्या. पडद्यावरची म्हातारी आई नुसती खोकली, की ह्यांचा पहिला रुमाल बाहेर! मुलीच्या पाठवणीपर्यंत सगळे रुमाल चिंब, आणि शेवटच्या रिळाला नवऱ्याच्या शर्टाची बाही. एकदा तर त्या विनोदी सिनेमात हमसाहमशी रडल्या. नायक केळीच्या सालीवरून आपटला, अख्खं थिएटर हसत होतं, आणि ह्या म्हणत होत्या, "अहो, पण लागलं असेल ना त्याला!"

कृष्णकांत हर्डीकर शेजारी बसून खारे दाणे खात. गिंडीला वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. दिवसभर काट्याचा तोल सांभाळायचा आणि शनिवारी बायकोचा, हे त्यांनी निमूटपणे मान्य केलेलं होतं.

अशाच एका शनिवारी खेळ सुटल्यावर मागून हाक आली, "सार, एक निमिष!"

कृष्णकांतांनी वळायच्या आधीच हात जोडले. "माफ करा हो. पुढच्या वेळी आम्ही कोपऱ्यात बसू."

"कोपऱ्यांत कशास? मी तुमच्या मागेंच बसलों होतों. ह्या बाईंच्या रडण्यांत सिनेमा निम्मा ऐकूंच आला नाही!"

"तिकिटाचे पैसे भरून देतो. हिला लहानपणापासूनच..."

"पैसे तुम्ही नक्को, आम्हीच देतों!" तो मनुष्य विद्युलताबाईंकडे वळला आणि खाली वाकला. "अम्मा, आमच्याकडे रडायला येतां का?"

हे शहाजीराव. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात मुरलेलं मराठी घराणं, आणि स्वतः कोडंबाक्कमच्या, म्हणजे मद्रासच्या सिनेमानगरीतल्या, एका डबिंग स्टुडिओत आवाजांचे प्रमुख. त्यांनी रस्त्यातच उभं राहून आपलं दुःख सांगितलं. त्यांच्या नायिका दिसायला सुरेख, नाचायला सुरेख, पण रडायला लागल्या की खाटकाच्या दारातली शेळी! संवाद म्हणणाऱ्या बायका ढीगभर मिळतात, पण रडणारी एक मिळत नाही. आणि तमिळ असो, तेलुगू असो, हिंदी असो, हुंदका सगळीकडे सारखाच.

"म्हणजे हिला रडण्याबद्दल पगार?" कृष्णकांतांचा विश्वासच बसेना. "मी इतकी वर्षं फुकट ऐकतोय!"

विद्युलताबाईंनी मात्र पदर सावरला आणि मान ताठ केली. आपली विद्या ओळखणारा मनुष्य आज ना उद्या भेटणार, हे त्यांना ठाऊकच होतं.

सोमवारपासून त्या कामावर जायला लागल्या. बंद खोली, समोर पडदा, कानांवर हेडफोन. पडद्यावर नायिकेचा चेहरा वेडावाकडा व्हायला लागला की काचेपलीकडून शहाजीराव म्हणायचे, "टेक!" की ह्या सुरू! "कट!" म्हटलं की नळ बंद केल्यासारखं चूप. पहिल्याच दिवशी त्यांनी एका विधवेला, एका वेडीला आणि जत्रेत हरवलेल्या जुळ्या बहिणींना एकाच दमात रडवून दाखवलं. यंत्रावर बसलेला मनुष्य नाक ओढत बाहेर गेला.

थोड्याच दिवसांत कोडंबाक्कमात त्यांच्याशिवाय कुणाचा बाप मरेना. नायिका बदलल्या, भाषा बदलल्या, हुंदका एकच! आणि अभिमान म्हणाल तर कृष्णकांतांचा. एरवी दोन शब्द न बोलणारा हा मनुष्य कारखान्यात डबा उघडला की सुरू व्हायचा. "काल सिनेमा पाहिलात? शेवटी ती नटी जिन्यावर बसून रडते बघा... ती आमची ही!" थिएटरात तर ते शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून म्हणत, "हे जे रडणं चाललंय ना, ते माझ्या घरचं आहे." लोक जागा बदलून बसत.

सगळं छान चाललं होतं. फक्त एक भानगड झाली.

विद्युलताबाईंना रडू येईनासं झालं!

स्टुडिओत नव्हे हो, तिथे नुसतं "टेक" म्हणायचा अवकाश. पण शनिवारी हौसेनं सिनेमाला जावं, तर रुमाल कोरडेच्या कोरडे. पडद्यावर आई लेकराला कुशीत घेऊन प्राण सोडतेय, थिएटर हुंदके देतंय, आणि ह्या म्हणतायत, "श्वास चुकीच्या जागी घेतला बघा हिनं." घरी कांदा चिरताना डोळ्यांत टिपूस नाही. नागपूरला बदली झाली म्हणून जिवाभावाची मैत्रीण निरोप घ्यायला आली, गळ्यात पडून रडली, तर ह्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं, "छान! पण शेवटी जरा घाई झाली." मैत्रीण गेली ती पत्ता न देताच गेली.

त्या दिवशी मात्र विद्युलताबाई मनातून चरकल्या. "अहो, माझ्यातलं काहीतरी आटलं का हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"उलट बरं झालं," कृष्णकांत म्हणाले. "माझे शर्ट वाचले."

आणि अशात सईबाई गेल्या.

सईबाई म्हणजे कारखान्याचे मालक व्यंकोजीराव यांची आई. हेही तंजावरचेच मराठे. म्हातारीनं नव्वदी गाठली होती आणि शेवटपर्यंत घरावर तिचीच सत्ता होती. सगळे तिला चळचळा कापत. विद्युलताबाई मात्र तिच्या लाडक्या होत्या. नवरात्रात तिकडच्या रीतीनं बाहुल्या मांडल्या, की म्हातारी त्यांना मुद्दाम बोलावून घेई, शेजारी बसवी आणि म्हणे, "तुझें मराठी कानास गोड लागतें ग. आमचें तमिळांत भिजलें." वर वाटीभर सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खायला घाली. मद्रासमध्ये माहेरच्यासारखं कुणी केलं असेल तर तिनंच.

तेव्हा व्यंकोजीरावांच्या अड्यारच्या बंगल्यावर जाताना रिक्षात विद्युलताबाईंचा एकच घोर चालला होता. आज तरी रडू यायलाच हवं!

बंगल्यावर ही गर्दी! दिवाणखान्यात सईबाईंना निजवलेलं होतं, भोवती चटयांवर बायका. पण घरात रडणं असं नव्हतंच. म्हातारीच्या धाकात वाढलेली माणसं, ती खरंच उठायची नाही ना, अशा नजरेनं तिच्याकडे बघत बसली होती. व्यंकोजीराव खांबाला टेकून दगडासारखे उभे. कालपासून त्यांनी ना घोटभर पाणी घेतलं होतं, ना डोळ्यांतून थेंब काढला होता.

आणि खिडकीशी कारखान्याची सगळी मंडळी! विद्युलताबाई आत शिरल्या तशी त्यांच्यात कुजबुज झाली. "आल्या, आल्या!" रोजच्या डब्याला ज्यांची कीर्ती ऐकली, त्या बाई आज प्रत्यक्ष! एकानं तर नीट ऐकू यावं म्हणून खिडकीचं दार आणखी उघडलं.

विद्युलताबाई सईबाईंच्या पायाशी बसल्या. ते हात, तो सुंडल, ते "गोड लागतें ग" सगळं आठवून पाहिलं. छाती जड झाली, पण डोळे ठणठणीत कोरडे.

शेजारी मालकीणबाई राजसबाई पदर तोंडाला लावून बारीक आवाजात "हं... हं..." करत होत्या. विद्युलताबाईंना राहवलं नाही. त्या कानाशी वाकल्या.

"बाई, गळ्यातून नको. पोटातून काढा. आधी श्वास भरून घ्या."

राजसबाई दचकल्या. पण दचकण्याच्या भरात त्यांनी श्वास घेतला, आणि पुढचा हुंदका असा काही निघाला की दारातलं मांजर पळालं!

"आता कसं!" विद्युलताबाई पुटपुटल्या, आणि जीभ चावली.

दाराशी उभ्या असलेल्या कृष्णकांतांनी हे पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. अख्खा कारखाना आता त्यांच्याकडेच बघत होता. एवढ्या बढाया मारल्या, आणि बायको बसलीय दगडासारखी! ते चटईच्या कडेनं हळूच पुढे आले, खाली वाकले आणि कुजबुजले,

"टेक."

बस्स!

विद्युलताबाईंच्या पोटातून जो आक्रोश निघाला, त्यानं छतावरचा पंखा हलला म्हणतात. आदल्याच दिवशी एका तेलुगू सिनेमाचा शेवट त्यांनी केला होता. तोच जसाच्या तसा बाहेर आला. "नान्ना! नन्नु वदिलि वेळ्ळिपोयावा, नान्ना!"

म्हणजे, "बाबा! मला सोडून गेलात का, बाबा!"

नव्वदीच्या म्हातारीच्या पायाशी!

कृष्णकांतांनी डोळे मिटून घेतले. पण बायकांत निराळीच खळबळ उडाली. "ही तेलुगू मुलगी कोण ग?" एका आत्यानं दुसरीला विचारलं. "विजयवाड्याच्या सोयऱ्यांकडची असावी. त्यांच्याकडचें कोणी येणार होतें ना?" झालं! दोघींनी विद्युलताबाईंना दंडाला धरून उठवलं आणि मानानं सईबाईंच्या उशाशी नेऊन बसवलं. माइकच्या जवळ नेल्यासारखं! आवाज दुप्पट झाला.

आता थांबावं, असं विद्युलताबाईंनाही वाटत होतं. पण थांबणार कशा? इतक्या महिन्यांची सवय. "कट" म्हटल्याशिवाय गळा ऐकेचना! त्यांनी भिजलेल्या आवाजात आणि कोरड्या डोळ्यांनी नवऱ्याला शोधलं. तर कृष्णकांत नाहीत! कुणीतरी त्यांना फुलं आणायला पिटाळलं होतं.

मग काय, रडणं चालूच. विधवेचं झालं, वेडीचं झालं, जुळ्या बहिणींचं झालं. रस्त्यानं जाणारी माणसं आत येऊन हात जोडून उभी राहायला लागली. एक बस फाटकापाशी रेंगाळली. राजसबाई पोटातून रडत होत्या. त्यांचं बघून जावा रडायला लागल्या, मग आत्या, मग खिडकीतले वजनकाटेवाले. आणि मग खांबापाशी उभे असलेले व्यंकोजीराव एकदम गुडघ्यांवर कोसळले. "अम्मा!" एवढंच म्हणाले, आणि लहान मुलासारखे तिच्या छातीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडायला लागले.

नेमके तेव्हाच कृष्णकांत फुलांची टोपली घेऊन आले. रस्त्यापर्यंत गर्दी, आत प्रलय, मालक जमिनीवर! त्यांना वाटलं, हे सगळं आपण एका शब्दानं केलं. टोपली टाकून ते गर्दीत घुसले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले,

"कट!"

सगळं घर चिडीचूप. आत्या गप्प, जावा गप्प, फाटकातली बससुद्धा बंद पडली. व्यंकोजीरावांनी हळूच मान वर केली.

"काय म्हटलां, हर्डीकर?"

"कट..." कृष्णकांतांनी घाईघाईनं हात जोडले. "कटु! कटु सत्य आहे, साहेब! मृत्यू म्हणजे... कटु सत्य!"

"खरें आहे," व्यंकोजीराव म्हणाले, आणि पुन्हा आईच्या छातीवर डोकं ठेवलं.

विद्युलताबाईंचा आवाज "कट"ला थांबला होता. त्या सईबाईंच्या उशाशी गप्प बसून राहिल्या. त्या केस पिकलेल्या लेकाकडे बघता बघता त्यांच्या गालावर काहीतरी ओघळलं. त्यांनी बोट लावून पाहिलं. ओलं होतं! आणखी आलं. मग आणखी. डोळे नुसते धो धो वाहत होते, पदर भिजत होता, आणि गंमत अशी की तोंडातून आवाज म्हणून फुटेना. इतकं सुंदर रडू, आणि रेकॉर्ड करायला काहीच नाही! कृष्णकांतांनी निमूटपणे जवळ येऊन आपल्या शर्टाची बाही पुढे केली.

मागाहून व्यंकोजीराव त्यांच्यापाशी आले. डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा झालेला. त्यांनी हात जोडले. "बाई, तुम्ही नसतां तर माझी अम्मा सुन्या घरांतून गेली असती. तेवढें तेलुगू कशास आलें, तें मात्र कळलें नाहीं."

"भरात येतं साहेब तसं," विद्युलताबाई खाली मान घालून म्हणाल्या.

त्या फाटकाशी पोचल्या तर शेजारच्या बंगल्यातल्या त्रिपुरसुंदरी मामी वाट बघत थांबलेल्या. मोडक्या हिंदीत आणि भक्तिभावानं त्या म्हणाल्या, "आमच्या गावी पूर्वी अशा रडणाऱ्या बायका होत्या, अम्मा. ओप्पारी, म्हणजे मेलेल्या माणसासाठीची शोकगीतं म्हणायच्या, ऐकून दगड फुटायचे. आता शहरात अशी विद्या कुठली! आमचे मोठे मामा फार आजारी आहेत. डॉक्टर म्हणतात, हाच आठवडा. तुम्ही याल ना?"

कृष्णकांतांचा चेहरा लाल झाला. विद्युलताबाईंनी मात्र पदर सावरला, मान ताठ केली आणि क्षणभर विचार केला.

"ह्या आठवड्यात कठीण आहे हो. चार नायिका खोळंबल्यात माझ्या," त्या म्हणाल्या. "मामांना म्हणावं, रविवारपर्यंत कळ काढा!"