शिट्ट्यांच्या कारखान्यातली शांतता

"काका, तुमची ती वही जरा देता का?" मालकांच्या सुनेनं विचारलं, आणि मुदतकाकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारखाना शिट्ट्यांचा. खेळाच्या पंचांच्या, पहारेकऱ्यांच्या, पोहणं शिकवणाऱ्यांच्या, सगळ्या प्रकारच्या. इमारत जुनी, वस्ती दाट, आणि सरकारचे नियम जसेच्या तसे पाळायचे तर आधी इमारत पाडावी लागली असती. म्हणून मालकांनी निरनिराळ्या खात्यांच्या नऊ नियमांतून सूट मिळवली होती. मागचं दार नसल्याबद्दल सूट, जिना अरुंद असल्याबद्दल सूट, धुराडं ठेंगणं असल्याबद्दल सूट. सगळ्यांत महत्त्वाची आवाजाची. शहराच्या हद्दीत मोठा आवाज करायला बंदी, पण या कारखान्याला रोज दुपारी तीन ते चार शिट्ट्या वाजवून तपासायची मोकळीक. प्रत्येक सूट वर्षभराची. मुदतीच्या आत नवी करून घेतली नाही तर दंड आणि दाराला सील. या नऊ तारखा बावीस वर्षं काकांच्या वहीत नांदत होत्या. त्यापायी सगळा कारखाना त्यांना मुदतकाका म्हणायचा. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

"वही? कशाला?" काकांनी वही छातीशी धरली.

"कॉम्प्युटरवर चढवते सगळं. आणि मला त्यात एक तारीख—"

"उद्या देतो."

सूनबाई शिकलेली. कारखान्यात येऊन महिना झाला नव्हता तोवर तिनं हजेरी कॉम्प्युटरवर नेली आणि हजेरीवाल्या अण्णांना पॅकिंगमध्ये. आज वही मागतेय, म्हणजे उद्या खुर्ची मागणार. काकांना हे इतकं स्वच्छ दिसलं की त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या नऊच्या नऊ तारखा खोडल्या आणि प्रत्येक तारीख अकरा दिवस पुढे सरकवून लिहिली. आता वही चोरणाऱ्याच्या हाती नुसता घोळ लागला असता. आपण विसरू नये म्हणून कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अकरा' लिहिलं आणि वही कपाटात चादरींखाली ठेवली.

मूळ पत्रं? ती काकांनी कारखान्याच्या कपाटात कधीच ठेवली नव्हती. त्या कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या, आणि दुसरी किल्ली असलेल्या कपाटावर काकांचा विश्वास नसे. पत्रं परगावी मेहुण्याच्या घरी होती. मेहुणा सध्या लेकीकडे परदेशी गेला होता. घराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात.

चार दिवसांनी काकांनी कपाट उघडलं तर वही उलटी! पुढचं कव्हर खाली, मागचं वर. म्हणजे कोणीतरी वाचली. 'अकरा'सुद्धा वाचलं. काकांनी तो आकडा खोडला आणि तारखा आणखी अकरा दिवस सरकवायला बसले. चार-पाच झाल्या असतील, तोच बायकोनं जेवायला हाक मारली. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा तिसरी येणार नाही हे तिच्या आवाजावरनंच कळलं, म्हणून काका उठले. जेवून परत बसले तर काही केल्या आठवेना, कुठल्या झाल्या आणि कुठल्या राहिल्या. खोडरबरानं सगळ्याच ओळी सारख्याच काळवंडल्या होत्या.

पुढचे पंधरा दिवस "उद्या देतो" हे एकच वाक्य काकांनी निरनिराळ्या सुरांत म्हटलं. सहा तारखेला मात्र त्यांची नजर आवाजाच्या मुदतीवर पडली. वहीत होती चौदा तारीख. एकदा सरकवली असेल तर खरी तारीख तीन. दोनदा सरकवली असेल तर गेल्या महिन्यातली कुठलीतरी. तीन असो की गेल्या महिन्यातली, दोन्ही होऊन गेल्या होत्या.

"अहो, असे काय बघताय त्या वहीकडे?" बायकोनं विचारलं. "मध्ये चादरी बदलताना मी उचलली होती. उलटी ठेवली गेली बहुतेक. बिघडलं का काही?"

"नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज तळघरातून आल्यासारखा आला.

खात्यात जाऊन विचारावं, तर 'आमची मुदत कधी संपते हो?' असं विचारणारा माणूस स्वतःच्या पायांनी सील आणायला गेल्यासारखाच. सूनबाईला विचारावं, तर ती वही मागणार. मालकांना सांगावं, तर खुर्ची आजच गेली. काकांनी ठरवलं, मेहुणा येईपर्यंत कारखान्यात आवाजच होऊ द्यायचा नाही.

दुपारी तीनला ते तपासणीच्या खोलीत गेले. तिथे तीन बायका ओळीनं बसून शिट्ट्या फुंकायच्या. त्यांच्यातल्या थोरल्या मावशींचे गाल तीस वर्षांच्या नोकरीनं पावासारखे फुगलेले.

"आजपासून फुंकायचं नाही," काका म्हणाले.

"मग काय, चाटून बघायच्या?" मावशी म्हणाल्या.

"डोळ्यांनी बघायच्या. बरी दिसली की पास."

"काका, माणूस बरा दिसला म्हणून त्याला गाता येतं का?"

"वरचा हुकूम आहे."

"वरचा म्हणजे कोणाचा?"

काकांनी छताकडे बोट दाखवलं आणि निघून गेले. वरच्या मजल्यावर फक्त पाण्याची टाकी होती. तिघी बराच वेळ छताकडे बघत बसल्या. मालकांच्या केबिनला जाड काचा होत्या, त्यामुळे त्यांना तीन वाजलेलं तसंही कधी कळत नसे. सूनबाई चार दिवस दुसऱ्या गावच्या गिऱ्हाइकांकडे गेली होती.

पण समोरच्या माडीवर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. या शिट्ट्यांविरुद्ध त्यांनी वीस वर्षांत एकेचाळीस तक्रारी केल्या होत्या. पहिल्या दिवशी तीन वाजता त्यांनी सवयीनं कानात कापूस घातला, चारला काढला. दुसऱ्या दिवशी कापूस घालायला विसरल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी त्या खिडकीत खुर्ची टाकून बसल्या. कारखाना चालू, धूर चालू, खोकी बाहेर पडताहेत, आणि शिट्टीचा सूर नाही! वर्गात अचानक शांतता पसरली की मागच्या बाकावर काय चाललेलं असतं, हे त्यांना अडतीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. त्यांनी बेचाळिसावी तक्रार लिहिली: 'सदर कारखान्यात तीन दिवस संशयास्पद शांतता आहे. आत शिट्ट्या सोडून काहीतरी भलतंच बनत असावं.'

एकेचाळीस तक्रारींना खात्यानं उत्तर दिलं नव्हतं. बेचाळिसाव्या तक्रारीला निरीक्षकच आले.

"इथे काय बनतं?" निरीक्षकांनी विचारलं.

"शिट्ट्या, साहेब," मालक म्हणाले.

"आवाज कुठाय?"

"म्हणजे? काका, आवाज कुठाय?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं.

"वाजवून दाखवा एखादी," निरीक्षक म्हणाले.

"आत्ता?" काका म्हणाले. "साहेब, आत्ता नको. उद्या वाजवतो."

"का? आज काय आहे?"

वाजवावी तर सूट नसताना आवाज केल्याचा गुन्हा, तोही साक्षात निरीक्षकांच्या कानात. न वाजवावी तर आत भलतंच काहीतरी बनतंय हे कबूल केल्यासारखं. मावशी मदतीला धावल्या. "साहेब, हुकूम आहे न वाजवायचा. वरनं आलाय." आणि त्यांनी छताकडे बोट दाखवलं.

"टाकी उघडून बघा रे," निरीक्षकांनी शिपायाला सांगितलं.

इतक्यात गावाहून परतलेली सूनबाई बॅग खांद्यावर तशीच घेऊन आत आली. काय चाललंय ते तिनं दोन मिनिटांत ऐकून घेतलं आणि बॅगेतून एक कागद काढला. "साहेब, आवाजाची सूट आहे की आमच्याकडे. गेल्या महिन्यात नवी करून घेतली, वर्षभराची. बाबांच्या फोनवर खात्याचा मेसेज आला होता." मग ती काकांकडे वळली. "तीच तारीख वहीत लिहायची होती, काका. म्हणून मागत होते मी वही."

काकांना हसावं की खाली बसावं ते कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

"वाजवा, मावशी!" ते खालूनच ओरडले. "पोटभर वाजवा!"

मावशींनी ट्रेमधली चकचकीत शिट्टी उचलली, गाल फुगवले आणि फुंकली. फुस्स. दुसरी उचलली. फुस्स. तिसरीतून तर हवाही नीट येईना. तिघी बायका एकदम फुंकू लागल्या. खोलीत गरम वारं सुटलं, सूर मात्र एकही नाही. मशीनवरचा कारागीर पळत आला, साचा उघडून बघितला आणि डोक्याला हात लावला. साच्यातली खाच सरकली होती. कधीची, कोण सांगणार? चार दिवस कोणी फुंकलंच नव्हतं.

निरीक्षकांनी स्वतः सात शिट्ट्या फुंकून पाहिल्या, ओठ पुसले आणि शांतपणे पेन उघडलं. 'सदर कारखान्यात कोणताही आवाज होत नाही. सबब आवाजाच्या नियमातून सूट देण्याचं कारण उरत नाही. सूट रद्द.'

"साहेब, ती परत कशी मिळेल?" मालकांनी हात जोडले.

"आवाज होतो हे सिद्ध करा."

"इथे आवाज करायचा तर सूट लागेल ना?"

"अर्थात."

"आणि सूट मिळायला?"

"आवाज," निरीक्षक म्हणाले आणि अरुंद जिना सांभाळून उतरून गेले.

मालकांनी वळून काकांकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं. पण ते तोंड उघडायच्या आत सूनबाईच म्हणाली, "बाबा, शहराच्या हद्दीबाहेर हा नियम नाही. साचा दुरुस्त करू, माळावर शिट्ट्या वाजवू आणि निरीक्षकांना तिथेच ऐकवू. तारखा मी कॉम्प्युटरवर ठेवते, पण वही काकांकडेच राहू दे. त्यांच्याइतकं जपणारं कोण आहे?"

"राहू दे," मालक म्हणाले. "पण माळावर हेच जाणार. आणि फुंकणार पण हेच."

महिनाभर रोज तीन वाजता मुदतकाका पाचशे शिट्ट्यांची गोणी घेऊन माळावर उभे राहिले आणि फुंकत राहिले. त्यांचे गाल मावशींसारखे दिसू लागले. निरीक्षक एकदा आले, कानावर हात ठेवून ऐकलं, आणि नवी सूट मंजूर झाली.

पत्र आलं त्या दिवशी सूनबाईनं ते काकांच्या टेबलावर ठेवलं. "घ्या काका, तुमच्या हातानं लिहा."

काकांनी तिच्यादेखत वहीत खरी तारीख लिहिली, अगदी ठळक. ती हसली, "छान" म्हणाली आणि गेली.

काका तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. नोकरी वाचवली, वही आपल्याकडेच राहू दिली, वर पुन्हा हसली. इतकं चांगलं कोणी उगाच वागत नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खोडरबर काढलं आणि तारीख पुढे सरकवली. या वेळी मात्र शहाणपणा केला. किती दिवस सरकवली ते त्यांनी कुठेच लिहून ठेवलं नाही.