तिसरी हाक

गॅनेट हेडच्या किनाऱ्यावर त्या हंगामात बुडालेली माणसं शून्य आणि रेडिओवर बोलताना झालेल्या चुका दोन, असा हिशेब असल्यामुळे तिथल्या जीवरक्षक क्लबचं भवितव्य धोक्यात आलं होतं.

तिसरी चूक झाली की गस्तीचा परवाना जाणार होता. म्हणजे पोहायची राखलेली जागा दाखवणारे लाल-पिवळे झेंडे काढायचे, बचावाच्या फळ्या कुलपात टाकायच्या, आणि किनारा बारा किलोमीटरवरच्या मोठ्या क्लबच्या ‘श्रवण-निगराणी’खाली द्यायचा. श्रवण-निगराणी म्हणजे तिथे बसून इकडून कुणाची हाक ऐकू येते का, एवढं ऐकायचं. पोहून यायचं नाही.

गस्तीची कप्तान नोएलीन ट्रँटर हिला हे कळल्यापासून तिची झोपच उडाली होती. एकतीस उन्हाळे बाईने त्या वाळूत काढलेले. सकाळी सात वाजता दहा-बारा म्हाताऱ्या गुलाबी टोप्या घालून पाण्यात उतरायच्या. त्या बाहेर येईपर्यंत नोएलीनच्या घशाखाली चहा उतरत नसे. झेंडे गेले तर त्या थांबणार थोड्याच होत्या? उतरायच्या त्या उतरणारच. फक्त बघायला कुणी नसणार.

दोन चुकांपैकी पहिली तिचीच होती. डिसेंबरात एक हरवलेलं पोर सापडलं, तेव्हा रेडिओवर विभागाच्या संदेश केंद्राला ती ‘थँक्यू’ म्हणाली. सौजन्याचे शब्द वाहिनी अडवतात, असं परिपत्रक क्रमांक सत्तेचाळीसमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. दुसरी चूक वॉली ड्रुइटची. हा एकाहत्तर वर्षांचा गडी फळीवर पालथा पडून लाटा कापायला लागला की तिशीतल्यांना लाजवायचा, पण रेडिओ हातात आला की त्याची जीभ सैल सुटायची. ‘सगळं ठीक’ एवढंच कळवायचं होतं, तर हा म्हणाला, “सगळं ठीक आहे बाळे ट्रूडी, सॉसेज भाजतायत, येतेस का?” ट्रूडी ही केंद्रातली रेडिओवाली. ती आली नाही. चूक मात्र नोंदवून घेतली.

जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. त्यातल्या एका रविवारी ऐन उन्हात या परिपत्रकाचा कर्ताच तपासणीला आला. त्याचं नाव लायनेल स्क्रिव्हन. विभागीय कार्यालयात येण्यापूर्वी तो रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात होता, आणि तिथे त्याच्या काळात एकही छत्री चुकीच्या माणसाकडे गेली नव्हती. योग्य माणसाकडे किती गेल्या, ते कुणी विचारलं नाही. नाकाला पांढरं मलम, मानेवर फडका असलेली टोपी, काखेत बावीस पानी परिपत्रक. माणूस स्वभावाने अगदी गरीब. त्याला पाहून राग यावा असं काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

“पान नऊ पाठ आहे ना?” त्याने विचारलं.

“तोंडपाठ,” नोएलीन म्हणाली. “रेडिओवर ‘वाचवा’ एकदा म्हटलं तर गप्पा, दोनदा म्हटलं तर सराव, तीनदा म्हटलं तर खरं.”

“शाब्बास!” लायनेलचा चेहरा उजळला. “त्यापूर्वी काय गोंधळ होता सांगू! एका क्लबने वाचवायच्या फळीला रंग द्यायचाय म्हणून विचारलं, तर हेलिकॉप्टर गेलं.”

“रंग चांगला बसला असेल,” वॉली पुटपुटला. नोएलीनने त्याच्या पायावर पाय दिला.

क्लबकडे रेडिओ दोनच होते. ‘गॅनेट एक’ कप्तानाकडे आणि ‘गॅनेट दोन’ वॉलीच्या गळ्यात. लायनेलने ‘गॅनेट दोन’ मागून घेतला. पाण्यात कमरेपर्यंत गेल्यावर आवाज कसा लागतो, याची चाचणी त्याला स्वतः करायची होती.

“मग झेंड्यांच्या मध्ये उतरा,” नोएलीन म्हणाली.

“तिथे लोक आरडाओरडा करतायत. चाचणीला शांत जागा हवी. ती बघा, तिकडे डावीकडे. एकही लाट फुटत नाहीये.”

“अहो लायनेल, लाट फुटत नाही म्हणूनच तिथे जायचं नाही! ती ओढ आहे. किनाऱ्याचं सगळं पाणी तिथूनच परत आत जातं. माणसालाही घेऊन जातं.”

“मी फक्त कमरेपर्यंत जाणार आहे,” लायनेल समजावणीच्या सुरात म्हणाला. त्याने विजार घडी घालून पिशवीत ठेवली, मोजे बुटांत कोंबले, आणि तो चड्डीवर, टोपीसकट, रेडिओ छातीशी धरून समुद्रात शिरला.

नोएलीनच्या रेडिओवर सगळं ऐकू येत होतं.

“केंद्र, केंद्र, गॅनेट दोन. पाणी गुडघ्यापर्यंत. कसं ऐकू येतंय? ओव्हर.”

“गॅनेट दोन, स्पष्ट आणि खणखणीत. ओव्हर.”

“केंद्र, गॅनेट दोन. पाणी कमरेपर्यंत. ओव्हर.”

“स्पष्ट आणि खणखणीत. ओव्हर.”

“केंद्र, गॅनेट दोन. पायाला जमीन लागत नाहीये. ओव्हर.”

ट्रूडी म्हणाली, “गॅनेट दोन, ही माहिती आहे की विनंती? ओव्हर.”

नोएलीन ताडकन उठून उभी राहिली. फडक्याची टोपी झेंड्यांपासून दूर, आत, बऱ्याच आत जात होती. एक हात वर आला. रेडिओतून धाप लागलेला आवाज आला, “वाचवा! वाचवा! वा—” आणि एक मोठी लाट त्याच्यावरून गेली.

“गॅनेट दोन, दोन हाका मिळाल्या,” ट्रूडी म्हणाली. “सराव म्हणून नोंद केली आहे. उच्चार चांगले आहेत. आता सरावाचा अभिप्राय वाचते, मुद्दे सात. मुद्दा पहिला...”

“अगं बाई, सराव नाहीये तो!” नोएलीन ओरडली, पण नुसत्या तोंडाने. रेडिओचं बटण दाबलं नाही. केंद्राचा संदेश चालू असताना मध्ये बोलणं ही चूक होती, पान चौदा. बोलली की तिसरी चूक आणि झेंडे खाली. तिने अंगठा बटणावरून काढून मुठीत कोंबला, आणि तिकडे ट्रूडी मुद्दा दुसरा, शब्दांमधलं अंतर, यावर आली होती.

वॉलीने एव्हाना फळी काखेत मारली होती. “जाऊ?”

“जा!”

तो दोन पावलं पळाला आणि थांबला. “कप्तान, पान सहा! रेडिओशिवाय पाण्यात उतरायचं नाही.”

“मग माझा घे!”

“तुझा घेतला तर झेंड्यांपाशी रेडिओ राहत नाही. पान सात.”

नोएलीनने डोक्याला हात लावला. खरंच होतं ते. क्लबचा दुसरा रेडिओ होता त्या बुडणाऱ्या माणसाकडे. म्हणजे नियमाप्रमाणे आधी त्याच्याकडे जाऊन रेडिओ मागून आणायचा, किनाऱ्यावर येऊन गळ्यात घालायचा, आणि मग त्याला वाचवायला निघायचं. एकतीस वर्षांत तिने ओढीतून कित्येक माणसं ओढून काढली होती, पण त्यांच्यातल्या एकाकडेही तिला आधी काही मागायला लागलं नव्हतं.

“वॉली,” ती दात-ओठ खात म्हणाली, “रेडिओ कुठे आहे?”

“त्याच्यापाशी.”

“तू कुठे चाललायस?”

“त्याच्यापाशी.”

“मग पोचलास की रेडिओ तुझ्यापाशीच झाला की नाही? पळ मेल्या, आता एक शब्द बोललास तर फळी डोक्यात घालीन!”

वॉली पळाला. म्हातारा काय सुसाट गेला! ओढीच्या विरुद्ध न झुंजता, ओढीवरच बसून तो आत गेला आणि तीन मिनिटांत फडक्याच्या टोपीपाशी पोचला. ट्रूडीचा मुद्दा सहावा चालू होता. लायनेल फळीवर आडवा पडला, भडाभडा पाणी ओकला, आणि शुद्धीवर येताच त्याने पहिलं काम काय करावं? त्याने ट्रूडीचा सातवा मुद्दा संपू दिला, रेडिओ तोंडाशी नेला आणि तो कर्तव्यबुद्धीने म्हणाला, “वाचवा!”

“गॅनेट दोन,” ट्रूडी म्हणाली, “आधीच्या हाकेपासून तीस सेकंदांहून जास्त वेळ गेला आहे. ही हाक स्वतंत्र, एकटी धरावी लागेल. म्हणजे गप्पा. वाहिनी मोकळी करा.”

“बरोबर आहे,” लायनेल क्षीण आवाजात वॉलीला म्हणाला. “पोरगी हुशार आहे.”

किनाऱ्यावर त्याला घोंगडीत गुंडाळलं. चहा दिला, पावात सॉसेज आणि कांदा घालून दिला. सकाळपासून रेंगाळलेल्या गुलाबी टोपीवाल्या म्हाताऱ्यांनी त्याचे तळवे चोळले. लायनेलच्या डोळ्यांत पाणी आलं. वॉलीचा हात दोन्ही हातांत धरून तो कितीतरी वेळ सोडेना. “तुम्ही नसता तर मी मेलो असतो हो,” असं तो तीन वेळा म्हणाला. नोएलीनने मोजलं होतं.

मग त्याने पिशवीतून कोरडी वही काढली आणि अहवाल लिहायला घेतला.

“वॉली ड्रुइट रेडिओशिवाय पाण्यात उतरले,” तो लिहिता लिहिता वाचू लागला, “परंतु रेडिओच्या दिशेने. आक्षेप नाही. कप्तानाने केंद्राचा संदेश तोडला नाही. प्रशंसनीय.” नोएलीनचा जीव भांड्यात पडला. लायनेलचं पेन मात्र थांबलं. त्याने घोंगडी आवळून घेतली. “गॅनेट दोन या रेडिओवरून वाचवण्याची अपूर्ण हाक देण्यात आली. चूक एक, एकूण तीन.”

“कुणाची?” नोएलीनने विचारलं.

“रेडिओ क्लबचा आहे.”

“पण तोंड तुमचं होतं!”

“नोंदवहीत तोंडाचा रकाना नाही हो, नोएलीन.” त्याचा स्वर रडवेला झाला होता. “मला काय आनंद होतोय? माझा जीव तुम्ही वाचवलात. पण मी बुडत होतो म्हणून स्वतःला सूट दिली, तर उद्या बुडणारा प्रत्येक जण सूट मागेल.”

“आणि उद्या बुडणाऱ्याला काढायला येणार कोण?” वॉलीने विचारलं.

याचं उत्तर परिपत्रकात नव्हतं, म्हणून लायनेलने वही मिटली.

तरी माणूस कृतघ्न नव्हता. परवाना रद्द करण्यापूर्वी जनतेचं मत घ्यावं, अशी शिफारस त्यानेच केली, आणि पुढचे दोन रविवार स्वतः उन्हात उभा राहून त्यानेच अर्ज वाटले. ‘झेंडे राहावेत का?’ एवढाच प्रश्न होता. लोकांनी काय गर्दी केली! बायकांनी नोएलीनला मिठ्या मारल्या. ज्यांना कधीकाळी ओढीतून काढलं होतं, ते आपली पोरं दाखवायला घेऊन आले. एकाने तर वॉलीला भर वाळूत खांद्यावर घेतलं. चारशे बारा अर्ज भरून झाले, आणि एकही माणूस विरोधात नव्हता. नोएलीन त्या रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोपली.

निकाल लागला तेव्हा चारशे अकरा अर्ज ‘सराव’ म्हणून बाजूला काढण्यात आले होते. अर्जावर सही तीन ठिकाणी हवी होती. दोन जागा समोर होत्या, तिसरी पानाच्या मागे. मागे सही असलेला एकच अर्ज निघाला. तो खुद्द लायनेलचा, आणि त्याचा जीव इथेच वाचलेला असल्यामुळे त्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत असं ठरवून समितीने तो बाद केला.

नोएलीन तणतणत कार्यालयात गेली. “लोकांना सांगायचंत ना, मागे सही करा म्हणून!”

“सांगणं म्हणजे प्रभाव टाकणं,” लायनेल म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. “पण समोर खाली लिहिलं होतं, ‘कृपया उलटा.’ मला वाटलं, निदान तुम्ही तरी...”

“मी? मी केलीय की!” नोएलीन कडाडली. “आणा माझा अर्ज!”

अर्ज आला. तिने उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तिने अर्ज पुन्हा सरळ करून टेबलावर ठेवला आणि ती घरी आली.

फेब्रुवारीत झेंडे उतरले. त्यांच्या जागी एक पाटी आली. ‘गॅनेट हेडवर आपलं स्वागत असो’ ही ओळ रस्त्याच्या बाजूने दिसते, आणि ‘इथे गस्त नाही, पाण्यात उतरू नका’ ही ओळ पाठीमागे, समुद्राच्या बाजूने. ती पाण्यात उतरलेल्यांना अगदी स्वच्छ वाचता येते. तेव्हापासून या किनाऱ्यावरून रेडिओवर एकही हाक गेलेली नाही, त्यामुळे सर्वांत सुरक्षित किनाऱ्याची ढाल यंदा गॅनेट हेडला मिळाली. ती घ्यायला क्लब उरला नव्हता, म्हणून टपालाने वॉलीकडे आली. तो तिच्यावर सॉसेज ठेवतो.

दर रविवारी सकाळी सातला नोएलीन आणि वॉली अजून तिथे येऊन बसतात, पण सामान्य नागरिक म्हणून. वॉलीपाशी त्याची फळी असते. गुलाबी टोप्या पाण्यात असेपर्यंत नोएलीनचा चहा तसाच निवत राहतो. येणारे-जाणारे पाटीला वळसा घालतात, दोन्ही बाजू वाचतात आणि हसतात. “काय एकेक लोक असतात नाही? मागे लिहून ठेवलंय!” असं त्यांतला कुणी म्हणाला की नोएलीन शांतपणे विचारते, “अर्ज भरला होतात ना तुम्ही?”

तुम्हीही आत्ता हसलात. तुम्ही असतात तर पान नक्की उलटलं असतंत, नाही का? हरकत नाही. तुम्ही शेवटची सही केलेला कागद घरात कुठेतरी असेलच. तो काढा, उलटा, मागे काय लिहिलंय ते बघा आणि कळवा. आम्ही ऐकतोय. ओव्हर.