गाडीचा नकार

पहिला बार उडाला तेव्हा थोरला भाऊ फोनच्या स्पीकरवर होता.

“ती गाडी आता काढून टाका,” तो म्हणाला, आणि गाडीच्या मागून असा आवाज झाला की फुटपाथवरच्या एका गृहस्थांनी भाजीची पिशवी छातीशी धरून खाली बसकण मारली. आरशात निळसर धूर दिसला. धाकटीनं गाडी कडेला घेतली. इंजिन मात्र काहीच झालं नाही अशा थाटात घुरघुरत होतं.

“काय झालं? कोण गेलं?” थोरला ओरडला, आणि आपण काय बोललो ते कळून एकदम गप्प झाला. बाबांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते.

शेजारच्या सीटवर आई मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती.

“नाही म्हणताहेत,” ती म्हणाली.

“कोण?”

आईनं समोरच्या छोट्या पडद्याकडे बोट केलं. इंजिनात काय चाललंय ते आकड्यांत दाखवणारा तो पडदा बाबांनी निवृत्तीनंतर स्वतः बसवला होता. त्यावरचे आकडे नाहीसे झाले होते. मग चार आडव्या रेघा आल्या, आणि डोळा मिटून उघडावा तसे आकडे परत आले.

गाडीचं काय करायचं हे धाकटीची रजा संपायच्या आत ठरायला हवं होतं. थोरला दूर, ती स्वतःही दूर, आणि आईला गाडी येत नव्हती. बाबांच्या ओळखीतले एक दातांचे डॉक्टर घ्यायला तयार होते. आईला विचारलं तर ती म्हणाली होती, “तुम्ही म्हणाल तसं.” हे वाक्य ती एक्केचाळीस वर्षं म्हणत आली होती, आधी बाबांना, आता मुलांना. त्यामुळे ते होकार आहे असं घरात सगळेच धरून चालत.

दुसऱ्या दिवशी आत्याला बसस्टँडवर सोडायचं होतं; आईही निघाली, पुढच्या सीटवर. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. झाला प्रकार तिच्या कानावर गेला होताच. मागच्या सीटवर नीट बसून घेत तिनं घसा साफ केला.

“बाळ्या, तुझी आरामखुर्ची मी नेऊ का रे?”

धडाम्.

धाकटीच्या हातातलं स्टिअरिंग हललं. आत्यानं डोळे मिटले, पण ती माघार घेणारी नव्हती.

“बरं. मग तो रेडिओ?”

धडाम्. शेजारून चाललेला सायकलवाला सायकल टाकून दुकानात शिरला.

“छत्री तरी?”

शांतता. इंजिन एका लयीत चालत राहिलं. पडद्यावरचा एक आकडासुद्धा हलला नाही.

आत्या गाडीतच पडलेली छत्री घेऊन उतरली. छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या होत्या. “जिवंत होता तेव्हाही असाच,” ती म्हणाली, “द्यायचं तर मोडकं द्यायचा.”

आत्याला पोटात काही ठेवता येत नसे. चार दिवसांत वरच्या मजल्यावरचे काका गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही हे विचारायला आले. आईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, “गाडीत बसा.” धाकटीनं मान खाली घालून त्यांना तीन गल्ल्या फिरवून आणलं. आई नेहमीप्रमाणे पुढे, काका मागे, गुडघा धरून. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

“यांची हरकत दिसत नाही,” आईनं निर्वाळा दिला. काकांनी ऑपरेशनची तारीख घेतली.

धाकटी शिकलेली होती, पुष्कळ वाचणारी होती, आणि असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. तरी एका सकाळी आई अंघोळीला गेल्यावर ती शेडमध्ये जाऊन एकटीच गाडीत बसली. आत अजून बाबांचा वास होता. कप्प्यात त्यांचा चष्मा, काचा खाली करून ठेवलेला. तिनं गाडी सुरू केली, कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नेली, आणि आरशात न बघता विचारलं, “बाबा, विकू?”

काही नाही.

“बाबा?”

पडद्यावर आकडे शांतपणे वर-खाली होत होते. परत येताना तिला आधी बरं वाटलं, मग ते बरं वाटणं कुठेतरी गेलं. आईशी बोलत होते, आत्याशी बोलले, काकांच्या गुडघ्याशीसुद्धा त्यांचं भांडण नव्हतं. हिच्याशी तेवढं बोलायचं नव्हतं.

दातांचे डॉक्टर गाडी चालवून बघायला आले, तेव्हा आई आपण होऊन शेजारी जाऊन बसली. डॉक्टरांनी दवाखान्याच्या दारापाशी वळण घेतलं आणि खुशीत म्हणाले, “काकू, मी हिला लाल रंग देणार आहे.” त्यानंतर लागोपाठ तीन बार उडाले. दवाखान्यातला एक पेशंट गालात कापूस धरून पळत सुटला. तो नंतर दुसऱ्या दवाखान्यात सापडला.

“दुरुस्त करून द्या,” डॉक्टर रुमालानं कपाळ पुसत म्हणाले. “घेतो मी. पण अशी नाही.”

मिस्त्रीनं तीन दिवस गाडी ठेवून घेतली. बाबांचा जुना मिस्त्री, बाबांच्या कारागिरीला वचकून असणारा. त्यानं प्लग बदलले, कॉइल तपासली, पेट्रोलचं प्रेशर मोजलं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ गाडी हिंडवली.

“ताई, गाडी गुणी आहे,” तो म्हणाला. “एकदासुद्धा तोंड उघडलं नाही तिनं. त्रास तुमच्या घरच्यांना आहे.”

“मग घरच्यांना घेऊनच बघा.”

तेव्हा मिस्त्री चालवायला बसला, आई शेजारी, आणि धाकटी मागे, मांडीवर मिस्त्रीचा लॅपटॉप घेऊन. लॅपटॉपची वायर पुढे जाऊन गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला जोडलेली होती. हमरस्त्याला लागल्यावर मिस्त्रीनं आरशातून धाकटीला खूण केली आणि अगदी सहज विचारलं, “काकू, विकायचीच ना मग?”

“तुम्ही म्हणाल तसं,” आई म्हणाली.

धडाम्. लॅपटॉपवरच्या सगळ्या रेघा एकाच वेळी तळाला गेल्या.

“ओरडतंय इंजिन, पण आंधळा होतोय गाडीचा मेंदू,” मिस्त्री पुटपुटला. “सिग्नलच तुटतोय. काकू, साहेबांचे कपडे कुणाला दिले का?”

धडाम्.

धाकटी रेघांकडे बघत नव्हती. दोन सीटच्या फटीतून तिला आईचे पाय दिसत होते. उजवा पाय, पांढऱ्या कापडी बुटातला, तळाच्या गालिच्यावर सगळी ताकद लावून दाबलेला होता. ब्रेक दाबावा तसा. आरशातल्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हात पर्सवर होते. एक्केचाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, न सांगता, नसलेला ब्रेक दाबणारा तो पाय. बाबा त्यावरून चेष्टा करायचे, हे तिला आत्ता आठवलं.

गॅरेजमध्ये परतल्यावर आई आतल्या खोलीत पाणी प्यायला गेली. मिस्त्रीनं गालिचा उचलला. खालून एक वायर गेली होती. बाबांनी आपल्या पडद्यासाठी इंजिनाच्या सेन्सरच्या वायरीला जोड दिला होता, तो बरोबर त्या पायाखाली. कथिलाचा डाग न देता नुसता पीळ घातलेला जोड, वरून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. बाबा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होते; त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट चिकटपट्टीनं जोडता येते असं वाटे.

“दाबलं की जोड सुटतो,” मिस्त्री म्हणाला. “क्षणभर इंजिनाला कळत नाही ठिणगी कधी टाकायची. पेट्रोल तसंच पुढे जातं आणि तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटतं. भूतबित काही नाही, ताई. हे काय लिहिलंय बघा.”

बाबांना चिकटपट्टीवर लिहायची सवय होती. घरात बटणावर ‘हा पंख्याचा नाही’ लिहिलेलं होतं, आणि दोन डब्यांवर ‘साखर’ आणि ‘ही पण साखर’. इथे, गालिच्याखाली, निळ्या पेनानं बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘ही इथे पाय दाबते. वायर हलवणे.’ खाली तारीख. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली.

धाकटीनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “हा जोड कापून मला द्या. वायर नवीन टाका, बाजूनं न्या.”

तासाभरात काम झालं. परतीच्या वाटेवर डॉक्टरांचा फोन आला. “झाली का हो दुरुस्त? मग संध्याकाळी येतो, कागद घेऊन.”

“पाच मिनिटांत कळवते,” धाकटी म्हणाली. तिनं तिरक्या नजरेनं खाली पाहिलं. पांढरा बूट दाबला गेला होता. दाबलेलाच राहिला. इंजिन एका लयीत चाललं होतं.

आई कान देऊन वाट बघत होती. पहिली गल्ली गेली, दुसरी गेली. तिचा पाय हळूहळू सैल झाला.

“काही म्हणाले नाहीत,” ती म्हणाली. आवाज इतका लहान होता की तो तिचाच का, असं वाटावं. “विक मग.”

धाकटीनं टाकीजवळच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी थांबवली, चावी काढली.

“म्हणाले,” ती म्हणाली.

“मला नाही ऐकू आलं.”

“मला आलं.” हे बोलताना तिनं आपल्या पर्समधला, चिकटपट्टीसकट कापून आणलेला जोड मुठीत घट्ट धरला होता. ती उतरून पलीकडे गेली आणि आईचं दार उघडलं. “ऊठ. तिकडे बस, माझ्या जागेवर.”

“मी? या वयात? लोक काय म्हणतील?”

“काकांचा गुडघा नवा होतोय, त्यांना काय म्हणाले लोक?”

आई पलीकडे जाऊन बसली. पर्स मांडीवरच होती. ती धाकटीनं काढून घेतली. आईनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, “यातला ब्रेक कुठला?”

“मधला.”

पांढरा बूट पुढे गेला आणि एक्केचाळीस वर्षांच्या ताकदीनं मधल्या पेडलवर बसला. आईचा चेहरा बदलला. “लागला,” ती म्हणाली.

चावी धाकटीच्या हातात होती. जोड तिच्या मुठीत होता. इंजिन केव्हाच बंद होतं.

धडाम्.

टाकीवरची कबुतरं उडाली. पडद्यावर चार आडव्या रेघा आल्या आणि विझल्या. धाकटीनं मूठ उघडून पाहिली; जोड तिथेच होता.

आईनं मान वळवली नाही. हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, नजर समोर.

“गप्प बसा हो जरा,” ती म्हणाली. “शिकतेय मी.”