रुधिरकेतू आणि उंबराची फांदी

मुलांनो, मांडी घालून बसा. खाऊ आत्ता मागू नका. गोष्ट संपल्यावर मिळेल, आणि गोष्ट आवडली नाही तरी मिळेल.

एका जंगलात टपाल पोचत नव्हतं, रस्ता पोचत नव्हता, पण चित्रकथा मात्र अगदी वेळेवर पोचायची.

ती काढायची कुमुदताई नावाची एक साळिंदर. आपल्याच पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि सागाच्या रुंद पानावर चौकोन आखून त्यात चित्रं काढायची. कुमुदताई होत्या डावखुऱ्या. डावीकडून सुरुवात केली की ओला रस त्यांच्याच पंज्याने पुसला जायचा. म्हणून त्या उजवीकडून सुरुवात करायच्या. दूरच्या जपान देशात अशीच उजवीकडून वाचायची चित्रकथा असते, तिला मांगा म्हणतात. जंगलाला हे ठाऊक नव्हतं. जंगलाला वाटायचं, बाईंचा स्वभावच तसा आहे.

दर पौर्णिमेला नवं पान मोहाच्या झाडाखाली टांगलं जाई. वाचक यायचे, वाचायचे, आणि आपल्याला आवडलेल्या पात्रासमोर एक बी टाकून जायचे. ज्याच्यासमोर बिया जास्त, त्याला पुढच्या पानावर जागा जास्त. हा नियम संपादक तरसराव यांचा. तरसराव सारखे हसायचे, पण त्यांना काही गमतीचं दिसत असे असं नाही.

कथेचा नायक होता शूरशशक नावाचा ससा. सद्गुणी, निर्भय आणि अतिशय कंटाळवाणा. हल्ला करण्याआधी तो आपल्या हल्ल्याचं नाव मोठ्याने ओरडायचा. "सप्तगाजर महाप्रहार!" असं. तोवर शत्रू शांतपणे उभा राहायचा. अशा कथांमध्ये तशी पद्धतच असते.

पण तोलाचा शत्रू हवा ना! कुमुदताईंनी बिळाबाहेर डोकावून पाहिलं. समोर उंबराच्या फांदीला एक वटवाघूळ उलटं लटकलं होतं. काळे पंख, टोकदार कान, मिटलेले डोळे. कुमुदताईंना खलनायक सापडला.

त्याचं नाव ठेवलं रुधिरकेतू. तो रक्त पिणारा व्हॅम्पायर. मेलेला, पण मरत नसलेला. लसणाला भिणारा आणि उन्हात राख होणारा. पहिल्या पानात त्याच्याकडे शक्ती एकच होती, चावण्याची. स्वभावही एकच होता, "हा हा हा" करण्याचा.

उंबरावरच्या खऱ्या वटवाघळाचं नाव होतं गुणवंत. त्याला मालन नावाची बायको होती आणि चिमी नावाची लहान मुलगी. तिघंही फळं खायची. रक्त बघितलं तर गुणवंतला घेरी यायची.

पहिलं पान लागलं त्याच दिवशी उंबराखाली सभा भरली. झाडाच्या कमिटीचे म्होरके होते केशरकाका, एक वयस्कर वानर.

"गुणवंत," काका म्हणाले, "तुझ्याविरुद्ध व्यक्तिशः माझं काही नाही. पण फांदी खाली कर."

"अहो काका, मी उंबर खातो! तुमच्यासमोर खातो!"

"पानातला तो पण तेच म्हणतो. तिसऱ्या चौकोनात. आणि चौथ्या चौकोनात शेळीला चावतो."

"पण तो मी नाही."

"हे तो पाचव्या चौकोनात म्हणतो."

 खारींनी घरोघरी रानलसूण टांगला. साऱ्या झाडाला फोडणीचा वास येऊ लागला. खारीणबाईंनी आपल्या पिल्लांना चिमीशी खेळायची बंदी केली. काकांनी पुढच्या पौर्णिमेपर्यंत मुदत दिली.

गुणवंतचे आजोबा त्याच फांदीला लटकले होते. सावली बेताची, वारा बेताचा, फळं तोंडासमोर. चिमीला नुकतं एका पायावर लटकता येऊ लागलं होतं, ते त्याच फांदीवर. ती फांदी सोडायची तर जायचं कुठे?

तो कुमुदताईंच्या बिळाशी गेला.

"ताई, त्याला मारून टाका."

"कुणाला?"

"रुधिरकेतूला. म्हणजे मला. म्हणजे तो मी नाही, पण मारा."

कुमुदताई मनाने चांगल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. पण शेजारी तरसराव बसले होते.

"सगळ्यात जास्त बिया त्याला पडल्यात," ते हसत म्हणाले. "त्याला मारलं तर पानात काय दाखवू? ससा गवत खातोय?"

"मग निदान थोडा चांगला तरी करा," गुणवंत म्हणाला.

"चांगला नाही करता येणार," कुमुदताई म्हणाल्या. "दुःखी करू शकते."

आणि त्यांनी केला. पुढच्या पानात रुधिरकेतूचं बालपण आलं. वादळाची संध्याकाळ. आईच्या पोटाला घट्ट धरून असलेलं पिल्लू. आईचा तुटलेला पंख. आणि एका कोपऱ्यात ते पिल्लू एकटं, समोर शेजाऱ्यांची बंद दारं. म्हणून तो रक्त पितो, असा अर्थ. नीट विचार केला तर यात "म्हणून" कुठे बसत नाही. पण रडत असताना नीट विचार कोण करतो?

जंगल ढसाढसा रडलं. हरिणी गुणवंतच्या फांदीखाली पेरू ठेवून गेल्या. खारींनी लसूण काढला. केशरकाका स्वतः आले.

"बाळा, सांगायचं तरी एकदा! आम्ही काय परके होतो?"

"काका, माझी आई चांगली खणखणीत आहे. पलीकडच्या जांभळीवर असते."

"बघा," काका डोळे पुसत सगळ्यांना म्हणाले, "अजून मान्य करवत नाही त्याला."

फांदी वाचली. गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला आत्ताच खाऊ दिला असता. पण ज्याला दुःख असतं त्याला शक्तीही असलीच पाहिजे, असं वाचकांना वाटू लागलं. कुमुदताईंनी दर पौर्णिमेला एक दिली. आधी रुधिरकेतू धुकं व्हायला शिकला. मग त्याचा पंख तुटला तर पुन्हा फुटायला लागला. मग तो काळ थांबवू लागला. शूरशशकाच्या आरोळ्या इतक्या लांबल्या होत्या की काळ थांबला काय आणि चालू असला काय, सारखंच होतं. पण वाचक खूश होते.

एक दिवस रानडुकरांची तरणी पोरं उंबराखाली आली.

"गुणवंतदादा, एक पंख तोडून बघू का?"

"काय?"

"परत फुटतो ना! एकच. डावा."

"अरे दुखेल मला!"

"असं तुम्ही म्हणताच. आणि मग हळूच हसता," असं म्हणून त्यांनी दगड मारला. तो गुणवंतच्या कानाजवळून गेला. चिमी किंचाळली.

गुणवंत पुन्हा कुमुदताईंकडे धावला. "ताई, पंख फुटायची शक्ती काढून घ्या."

"शक्ती काढता येत नाही रे," त्या खिन्नपणे म्हणाल्या. "वाढवताच येते फक्त. काढली की वाचक विचारतात, गेली कुठे? वाढवली की कुणी विचारत नाही, आली कुठून."

"मग स्वभाव बदला. लोक जवळ यायला धजावू नयेत असा काहीतरी करा."

"चिडका करू?"

"चिडका नको. मला चिडता येत नाही. उगाच पंचाईत व्हायची."

कुमुदताईंनी त्याचं मान कलती करून बोलणं नीट न्याहाळलं. मग काटा उचलला. नव्या पानात रुधिरकेतूने "हा हा हा" करणं सोडलं. आता तो हळू बोलू लागला. मान थोडी कलती करायचा आणि पाहुण्याला म्हणायचा, "या ना. बसा. काही घेणार?" पुढचा चौकोन पूर्ण काळा. त्यात काहीच काढलेलं नव्हतं. कुमुदताईंनी इतकी वर्षं जेवढी चित्रं काढली, त्यांतलं हे सगळ्यात भयंकर ठरलं.

दुसऱ्या दिवशी केशरकाका गुणवंतच्या फांदीवर आले.

"या ना काका," गुणवंत नेहमीप्रमाणे म्हणाला. "बसा. काही घेणार?"

काका झाडावरून खाली उतरले नाहीत, पडले. संध्याकाळपर्यंत सगळी वानरं, खारी, पोपट, सगळे झाड सोडून गेले. अख्खा उंबर गुणवंतचा झाला.

आता तुम्ही म्हणाल, छान झालं. छान कसलं! एवढी फळं तिघांना संपेनात. खाली सडून चिलटं जमली. चिमी एकटीच एका पायावर लटकायची आणि आजूबाजूला बघायची, कोणी बघतंय का म्हणून. लटकण्याची सगळी मजा दुसऱ्याने बघण्यात असते.

"अहो, मला एवढं झाड नको," मालन म्हणाली. "शेजार हवा. भांडायला तरी."

मग, शेवटच्या पानाला सगळ्यात जास्त बिया पडतात म्हणून, तरसरावांनी जाहीर केलं की कथा संपणार. शेवटचं पान लागलं. त्यात रुधिरकेतूला पश्चात्ताप झाला. शूरशशकाने आरोळी पूर्ण करण्याआधीच तो आपणहून उगवत्या सूर्यासमोर गेला आणि त्याची राख झाली. राख वाऱ्यावर उडताना फारच सुंदर काढली होती.

जंगल रात्रभर रडलं आणि पहाटे उंबराखाली गोळा झालं. हातात फुलं होती. राखेसाठी एक परडीही होती.

गुणवंत नुकताच घरी परतत होता. एवढी गर्दी बघून तो घाबरून दाट पानांत शिरला.

"गुणवंता," केशरकाका हुंदके देत म्हणाले, "फार मोठ्या मनाचा होतास रे. आता सूर्य वर येतोय. ये बाहेर."

"कशाला?"

"राख व्हायला."

"काका, मी रोज याच वेळेला घरी येतो!"

"शेवटच्या क्षणी मोह होतो, समजू शकतो आम्ही," एक हरिणी मायेने म्हणाली. "आम्ही डोळे मिटून घेऊ हवं तर."

रानडुकरांच्या पोरांनी फांदी हलवायला सुरुवात केली. चिमी आईला घट्ट बिलगली. तिचा एक पाय निसटला. गुणवंतने ते पाहिलं आणि पुढचा काही विचार न करता तो बाहेर आला. थेट उन्हात. टोकाच्या फांदीला लटकून त्याने दोन्ही पंख पसरले.

"बघा!" तो ओरडला. "काही होत नाही! मी साधं वटवाघूळ आहे!"

ऊन त्याच्या पंखांतून आरपार दिसत होतं. शिरा न् शिरा दिसत होती. जंगल आ वासून बघत राहिलं. गर्दीतल्या एका सशाच्या हातून परडी पडली.

आणि मग केशरकाका ओरडले, "सूर्यावरही मात केली! नवी शक्ती!"

सगळे जमिनीवर आडवे झाले. गर्दीच्या मागून कुमुदताईंनी एक काटा उपटल्याचा आवाज आला.

"नाही हो," गुणवंत कळवळून म्हणाला, "मला फक्त एक फांदी हवी होती..."

"अहो, गप्प बसा आता," मालन कुजबुजली. "तुम्ही बोललात की एक शक्ती वाढते."

गुणवंत गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याने दोन पोपट बेशुद्ध पडले.

तो खाली बघत राहिला. आडव्या पडलेल्या गर्दीत खारीणबाईच्या शेपटीमागून तिची पिल्लं डोकावत होती. ती घाबरलेली नव्हती. ती चिमीकडे बघत होती. आणि चिमी हळूच, अगदी हळूच, एका पायावर लटकून दाखवत होती.

गुणवंतने घसा खाकरला. मान थोडी कलती केली.

"उद्या सकाळी," तो हळू आवाजात म्हणाला, "सगळ्यांनी या झाडावर यायचं."

"होय महाराज," केशरकाका मातीत तोंड खुपसून म्हणाले. "बळी किती आणायचे?"

"बळी नकोत. मुलं आणा."

एकच आकांत झाला.

"खेळायला," गुणवंत म्हणाला.

"खेळायला म्हणजे, महाराज... मुलांशी की मुलांनी?"

"मुलांनी. आणि मोठ्यांनी पोटभर उंबर खायचे. जो खाणार नाही, त्याच्याशी मी स्वतः येऊन बोलेन."

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल रडत रडत उंबरावर आलं. आयांनी पिल्लांचे शेवटचे पापे घेतले, त्यांना फांद्यांवर सोडलं आणि डोळे मिटले. पिल्लं लगेच खेळायला लागली. रानडुकरांची पोरं धास्तीने फळं गिळता गिळता चव घेऊ लागली. मालनचं आणि खारीणबाईचं दुपारी एका ढोलीवरून कडाक्याचं भांडण झालं. मालन किती दिवसांनी हसली!

गुणवंतने आजोबांची ती एक फांदी ठेवून घेतली. बाकीच्या हुकमाने वाटून टाकल्या. कुणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी पिल्लांना घरी न्यायला ओढावं लागलं.

केशरकाका घरी पोचले, तेव्हा त्यांच्या तोंडाला उंबराचा गर लागलेला होता.

"फार निर्दयी आहे गं," ते बायकोला म्हणाले. "उद्या पण बोलावलंय. जरा लवकरच निघू, नाहीतर सावलीची फांदी दुसरं कोणीतरी घेईल."

तात्पर्य : चांगुलपणाने कधीही एक फांदी मागू नये. आधी दुष्ट म्हणून चांगली प्रसिद्धी मिळवावी. मग चांगुलपणा हुकमाने वाटता येतो, आणि लोक तो भीत भीत का होईना, दोन्ही हातांनी घेतात.